चलानाचं वॉरंट

दंड भरला की वॉरंट आपोआप मिटतं, असा आमच्या मोहल्ल्यात सर्रास समज आहे. मिटत नाही. मामूंच्या टेम्पोची चलानं थकली, समन्सं जुन्या पत्त्यावर गेली आणि थेट हवालदारच दारात आला, तोही जुम्म्याच्या दिवशी, लोक नमाजहून परतताना. आमच्या वस्तीत 'वॉरंट' एवढा शब्द पुरतो. कशाचं, ते विचारायला कुणी थांबत नाही. मुमानी दोन दिवस खिडकीत आल्या नाहीत.

मामूंनी त्याच रात्री मोबाइलवरून दंड भरला आणि निवांत झोपले. सकाळी वकील म्हणाले, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार वॉरंट बजावलं जाईपर्यंत, किंवा काढणारं न्यायालयच रद्द करीपर्यंत, जिवंत असतं. मग पावत्या, अर्ज, समक्ष हजेरी. जामीनपात्र होतं म्हणून निभावलं. न्यायाधीशांपुढे दोन मिनिटं, बाहेर बाकड्यावर अख्खी दुपार.

आदेशाच्या दोन नकला घेतल्या. एक पोलीस ठाण्यात दिली, नाहीतर त्यांच्या नोंदीत मामू फरारच राहिले असते. दुसरी मुमानींनी मागून घेतली. शेजारणींना दाखवायला.