अप्पाकाकांच्या छातीचा फोटो

आमच्या लहानपणी लोहाऱ्यात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे. तो फोटो. ‘छातीचा फोटो काढायला सोलापूरला नेलंय’ असं कानावर आलं की ओसरीवरची माणसं पुढचं विचारायची नाहीत. लोहारा तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आणि आमच्या माळवदाच्या घरात सख्खी-चुलत मिळून इतकी पोरं होतो की पंगत दोनदा बसायची.

सत्तरच्या दशकात अप्पाकाकांना संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना बाजेवर पाठमोरं बसवलं. डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवून त्यावर उजव्या बोटानं ठोकत ते खालून वर गेले. एका जागी आवाज भद्द आला. तिथंच पुन्हा दोनदा ठोकलं आणि आजोबांना म्हणाले, “आबा, फोटो काढून आणा.”

नळदुर्गवरून एसटीनं सोलापूर. फोटो निघाला, पण तो वाचणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. काका लिफाफा घेऊन परत आले. आबांनी ती काळी फिल्म झरोक्याच्या उजेडात धरली, आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. बरगड्या तेवढ्या कळल्या. पुन्हा सोलापूर गाठून क्षयाचं निदान हाती यायला बरेच दिवस गेले, आणि तोवर काका आमच्यातच झोपत होते. आमच्या भागात मशीन कसंबसं गाठता यायचं. खरी टंचाई वाचणाऱ्या डोळ्यांची होती.

पुढे रोजचं स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, मग वर्षाच्या वर गोळ्या. काकांची जर्मनची ताटली वेगळी झाली. आत्याची सोयरीक चालली होती, म्हणून आजीनं घराला ताकीद दिली: कुणी विचारलं तर दमा म्हणायचं. आम्ही दमाच म्हणत राहिलो. आत्याचं लग्न झालं, काका खणखणीत बरे झाले, तरी दमाच.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, किल्लारीकडे गावंच्या गावं गेली. आमचं माळवद खचलं, माणसं वाचली. काकांचा तो फोटो ठेवलेली पेटी मात्र ढिगाऱ्यात राहिली. त्या दिवसांत लिफाफ्याची आठवण कुणाला होणार?

आता आमची भाची क्षयरोगाच्या फिरत्या पथकात तंत्रज्ञ आहे. हातात धरून चालवायचं, बॅटरीवरचं एक्स-रे यंत्र ती देवळात, समाजमंदिरात मांडते. फोटो संगणकात गेला की कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली संशयाची जागा रंगवून दाखवते आणि क्षयाची शक्यता आकड्यात सांगते. मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची अशी प्रणाली देशाबाहेरही वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या तपासणीत वाचणाऱ्या माणसाच्या जागीही अशी प्रणाली वापरायला मान्यता दिली. आबांनी दोन खेपा घातल्या ते काम आता चहा निवायच्या आत होतं. आम्हाला याचं कौतुक आहे, आणि ते हातचं राखून नाही.

पण त्या आकड्यावर निदान होत नाही. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की बेडका तपासायचा. त्यासाठीचं ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं.

अप्पाकाका मुलाकडे पुण्याला असताना एका शिबिरात त्यांचा फोटो निघाला. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग लालभडक, आकडा चांगलाच वर. अर्जावर प्रश्न होता: पूर्वी टीबी झाला होता का? काकांनी ‘नाही’ सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे, आजी जाऊन जमाना झाला, पण ताकीद तशीच पाळली. यंत्राला व्रण दिसला. तो पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेला आहे हे त्यानं ओळखावं कसं? जुना फोटो शेजारी ठेवता आला असता तर डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं असतं.

बेडक्यात जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी घरच्यांना पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा फोन घरोघर फिरला. थोरले चुलतभाऊ अजून चाचरतच होते. शेवटी आत्याच बोलली, “अरे, सांगा की आता. माझी नातवंडंसुद्धा लग्नाची झाली.”

आजीला दोष द्यायचं आमच्या मनात नाही. त्या काळात सोयरीक मोडली असती, हे खरंच होतं. पण आता घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल, तर तपासणीच्या अर्जावर तसं स्पष्ट लिहा. जुना फोटो, औषधाचं कार्ड जे सापडेल ते जपून ठेवा, त्याचा मोबाईलवर फोटो काढून पोरांना पाठवून ठेवा, आणि हे सगळं ठाऊक असलेलं माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या.