विजेची स्कूटर आणि वसईचं घर

विरार लोकलने रोज जाणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना विजेच्या वाहनाचं नवल ते काय सांगायचं! बोरिवलीपुढे विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली. वसईची फुलं आणि भाजी कितीतरी वर्षं तिनेच मुंबई गाठतात.

त्याआधी वाड्यांमधून रहाट होते. बैल गोल फिरायचा नि विहिरीचं पाणी वर यायचं. मग पंप आले. कष्ट वाचले, पण उपसा एवढा वाढला की किनाऱ्याकडच्या कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. नवी सोय आली, की तिची शिस्तही शिकावी लागते. वसईकरणींना हे निराळं सांगायला नको.

आता दारोदारी विजेच्या स्कूटर दिसतात. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर नाही, आवाज नाही. अडचण आहे ती चार्जिंगची. नालासोपारा-विरारच्या दाटीवाटीच्या इमारतींत गाडी लावायलाच जागा नाही, तिथे खाली प्लग कुठला? मग बॅटरी जिन्याने वर येते आणि रात्रभर हॉलमध्ये चार्जिंगला लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतल्या एका घरात अशाच बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवड्याभरात गेला. त्याच वर्षी डिसेंबरपासून सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. तरी घरातली काळजी आपल्यालाच घ्यायला हवी.

म्हणून एवढं पाळाच. बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराशी चार्जिंगला लावू नये. गाडी चालवून आल्यावर ती आधी गार होऊ द्यावी. चार्जर गाडीबरोबर मिळालेलाच वापरावा, एक्स्टेन्शनच्या वायरी जोडू नयेत. घरची माणसं जागी असतानाच चार्जिंग उरकावं. बॅटरी फुगली, तापली किंवा वास आला तर घरगुती दुरुस्ती नको.

खरा उपाय मात्र सोसायटीच्या आवारातच आहे. खाली मोकळ्या जागी, वेगळ्या मीटरवर, जाणत्या वायरमनकडून पॉइंट घ्यावा. शिवाय आपल्या जिल्ह्यात डहाणूला १९९५ पासून ५०० मेगावॅटचं केंद्र कोळशावर चालतं. वीज अशी कोळशाची असेल, तर धूर आपल्या दारातून फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. यासाठी गच्चीवर सौरपत्रे हवेत. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या पंप, लिफ्ट, चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठेवलं. पण गच्ची कोणाची, पैसे कोणी भरायचे, यावरच सभा संपते. आणि त्या सभेला बहुतेक पुरुषच असतात!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेला चहा देऊन आत जाऊ नका. खुर्ची ओढून बसा आणि चार्जिंगचा विषय पहिला घ्यायला लावा. रात्री त्या हॉलमध्ये आपलीच मुलं झोपतात.