क्रियापदामागचा लहान शब्द

नागभीड हे जंक्शन आहे. गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गाला नागपूरकडील मार्ग येथे येऊन मिळतो. सांधा बदलला की गाडी दुसऱ्याच मार्गाला लागते. इंग्रजी क्रियापदामागे येणाऱ्या लहानशा शब्दाचे कार्यही असेच असते, आणि व्यापारी कुटुंबाने ते नीट ओळखणे अगत्याचे आहे.

हा धानाचा मुलूख. याच तालुक्यातील नांदेड या खेड्यातील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी विकसित केलेल्या एचएमटी वाणाचा तांदूळ दूरदूरच्या बाजारांत पोहोचला. दूरच्या गिऱ्हाइकाचा निरोप आता पुष्कळदा इंग्रजीत येतो. घरातील मुलगा वा सून तो वाचून वडीलधाऱ्यांना अर्थ सांगते, आणि त्या अर्थावर पेढीचा निर्णय ठरतो. समजा, निरोपात ‘पुट ऑफ’ असेल, तर मालाची उचल पुढे ढकलली आहे. पोती राखून ठेवावीत. ‘कॉल ऑफ’ असेल, तर सौदाच रद्द झाला. त्याच दिवशी दुसरे गिऱ्हाईक पाहावे.

हिशेबातही तेच. ‘पे बॅक’ म्हणजे घेतलेली रक्कम परत करणे. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज पुरते फेडणे. ‘राइट डाउन’ने मालाची पुस्तकी किंमत घटवली जाते, ‘राइट ऑफ’ने ती पूर्ण काढून टाकली जाते. यालाच निर्लेखन म्हणतात. बँकेने थकीत कर्जाचे निर्लेखन केले, म्हणजे ते माफ केले असे नव्हे. कर्जदाराची देणेदारी उरते आणि वसुली चालू राहू शकते. माफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे निराळे क्रियापद आहे.

मराठी भाषकाला ही रीत परकी नाही. ‘पैसे देऊ केले’ यात रक्कम अजून हातातच आहे; ‘देऊन टाकले’ यात व्यवहार संपला; ‘देऊन बसला’ यात पश्चात्ताप आला. हा फरक मुलांना कोणी पाठ करवला नाही. घरच्या बोलण्यातूनच तो त्यांना कळला. इंग्रजी शब्दही सुटे घोकवण्याऐवजी सौद्याच्या, हप्त्याच्या, खातेवहीच्या वाक्यांत शिकवले, तर ते तसेच मनात ठसतील.

तरीही शंका उरली, तर ‘पोस्टपोन की कॅन्सल?’ असे सरळ विचारून घ्यावे. अर्थ विचारल्याने कोणाची पत घटत नाही; अर्थ न समजता माल अडकवून ठेवल्याने मात्र घटू शकते.