छोट्या संगणकाचा वेग आणि बाराजणींचा हिशेब

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने खर्डी सोडले की उंबरमाळी येते. त्यापुढे कसारा आणि मग घाट. शहापूर तालुक्याच्या या टोकाला संगणकाची दुकाने नाहीत. एखादा सुटा भाग हवा असेल तर कल्याण गाठावे लागते, किंवा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोडवर शोधावे लागते. म्हणून अशा गावात संगणक दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न पैशांइतकाच खेपांचाही असतो.

तेथील एका घरात डब्याएवढ्या आकाराचा, दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडलेला एक छोटा संगणक आहे. घरची सून बारा महिलांच्या बचत गटाचा हिशेब त्यावर ठेवते. नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम 1992 साली प्रायोगिक स्वरूपात सुरू केला, तेव्हा असे हिशेब वहीतच असत. आज वही आहेच. परंतु कर्जाचे हप्ते, व्याज, बैठकांचे इतिवृत्त आणि सभासदांच्या कागदपत्रांच्या प्रती संगणकात आहेत. नऊ वर्षांचा हा ऐवज एकाच यंत्रात साठलेला होता.

गेल्या पावसाळ्यात ते यंत्र फार मंदावले. कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत पाच-सहा मिनिटे जात. बैठकीला आलेल्या बायका मजुरीचा खाडा करून बसलेल्या असत आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राही. सासरे म्हणाले, "सूनबाई, जुने झाले ते. नवे घेऊन टाकू." कल्याणला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने फोनवर वेगळा सल्ला दिला, "वहिनी, नवा कशाला? आतली हार्ड डिस्क काढा आणि बाजारातली सर्वांत वेगवान बसवा."

दोन्ही सल्ले आपुलकीचे होते. तिने मात्र आधी दुखणे नेमके कोठे आहे ते पाहिले. संगणकातील टास्क मॅनेजर उघडल्यावर दिसले की प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला आहे आणि डिस्कच्या रकान्यात सतत शंभर टक्के आकडा आहे. म्हणजे हिशेब करणारा तयार होता. दप्तर आणून देणारा दमला होता.

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरतात आणि एक बारीक भुजा त्यांवरून माहिती वाचते. आयबीएमने 1956 साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आकार घटला, क्षमता अफाट वाढली. तत्त्व तेच राहिले. छोट्या संगणकातील तबकडी बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते. एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद भुजेखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय भुजा सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेल्या नोंदी असतील तर सेकंदाला शंभरही नीट हाती लागत नाहीत. जुन्या बँकेत प्रत्येक खात्यासाठी शिपायाने दप्तरखान्यात जाऊन एकेक खतावणी काढून आणावी, तसा हा कारभार.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते आणि सेकंदाला हजारो नोंदी सहज मिळतात. 7,200 फेऱ्यांची हार्ड डिस्क घेतली असती तर शिपाई थोडा भरभर चालला असता, इतकेच. त्यामुळे तो पर्याय बाद झाला.

उरल्या दोन प्रकारच्या एसएसडी. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण 550 मेगाबाइटपर्यंत माहिती वाचते. एनव्हीएमई प्रकारची तीन हजारांच्याही पुढे जाते. भाचा म्हणत होता ती ही दुसरी. तिने यंत्राचे तळाचे झाकण उघडून पाहिले. आत अडीच इंची डिस्कची एकच जागा होती आणि जोडणी साटाची. एनव्हीएमईची पट्टी बसण्यास खाचच नव्हती. तशी खाच असती तरी खतावणीचे तक्ते आणि अर्ज उघडण्यात दोहोंतील फरक हाताला फारसा जाणवला नसता. तो जाणवतो मोठमोठ्या चित्रफिती हलविणाऱ्याला.

याच तपासणीत एक गंभीर गोष्ट उघड झाली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि ती वाचणारी साधी प्रणाली मोफत मिळते. त्या नोंदीत खराब होऊन बदललेल्या जागांची संख्या होती आणि आठवडाभरात ती वाढली. तोवरची दिरंगाई ही केवळ गैरसोय वाटत होती. प्रत्यक्षात तो इशारा होता. मधूनमधून जाणारी वीज अशा डिस्कला कधीही अखेरचा धक्का देऊ शकली असती.

तेथून निवडीचा क्रमच बदलला. वेग दुसऱ्या स्थानी गेला, बाराजणींचा हिशेब पहिल्या. वापरलेली जागा 140 जीबी होती. 256 जीबीची एसएसडी पुरली असती, पण लवकर भरली असती. एक टीबीची घेतली तर दुसऱ्या कशाला पैसे उरत नव्हते. तिने 500 जीबीची साटा एसएसडी ठरविली आणि उरलेल्या रकमेत बाहेरून जोडायची एक स्वतंत्र डिस्क. एसएसडीवर ठरावीक मर्यादेपर्यंतच लिहिता येते, ही तिची शंका होती. हमी 150 टीबी लेखनाची असेल आणि रोज 20 जीबी लिहिले, तरी 7,500 दिवस, म्हणजे वीस वर्षे होतात. शंका गणिताने मिटली. फारच स्वस्त, अनोळखी नावाची वस्तू मात्र तिने नाकारली; पक्के बिल आणि हमीपत्र मिळेल त्याच दुकानातून भाच्याने खरेदी केली.

आधी आजारी डिस्कवरील फायली बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या गेल्या. नुसती प्रत घेऊन ती थांबली नाही. बाराही जणींची पासबुके मागवून प्रत्येकीची शेवटची शिल्लक त्या प्रतीशी ताडून पाहिली. दोन जणींच्या कागदांच्या प्रती उघडेनात. त्या मूळ कागदांवरून पुन्हा घेतल्या. मगच एसएसडी बसवून तिच्यावर कार्यप्रणाली नव्याने भरली. दुखावलेल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याचा मोह टाळला, कारण तिच्याबरोबर तिचे दोषही आले असते.

आता संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. बैठक संपली की त्या दिवसाच्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरतात आणि ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात जाते. विजेचा झटका आला तरी दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून.

जुन्या डिस्कचा प्रश्न सासऱ्यांनी काढला, "भंगारवाल्याला देऊ का?" सून म्हणाली, "नको बाबा. त्यात बायकांची आधारकार्डे आहेत." फाइल पुसली म्हणजे माहिती नाहीशी होत नाही; केवळ अनुक्रमणिकेतील तिचे नाव जाते. खराब जागांवर तर नव्याने लिहूनही पुसण्याची खात्री नसते. शेवटी भाच्याने तबकडीला ड्रिलने आरपार भोके पाडली आणि ती ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. पुढच्या बैठकीत खर्चाच्या नोंदीखाली तीन ओळी लिहिल्या गेल्या: एसएसडी, बाहेरची डिस्क, जुनी डिस्क नष्ट केली. त्याखाली बाराही जणींच्या सह्या आहेत.