ओल खालून येते

जुलैत गुहागर तालुक्यातून फोन आला. "अहो, फरशी पचपचतेय. ओल्या गोणपाटावर पाय पडल्यासारखं वाटतं."

बोलणाऱ्या काकू मूळ नाशिकच्या. निवृत्तीनंतर सासरचं जुनं घर दुरुस्त करून दोघं नवरा-बायको तिकडेच राहायला गेले होते. मे महिन्यात त्यांच्या माजघरात व्हिनाइलच्या फळ्या मीच बसवल्या होत्या. खोक्यावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं छापलेलं होतं.

कसारा घाट उतरून, पावसात अख्खा दिवस प्रवास करून मी पोहोचलो. कडेची स्कर्टिंग काढली आणि एक फळी उचलली. फळी जशीच्या तशी होती. फुगली नव्हती, वाकली नव्हती, रंगही उडाला नव्हता. तिच्या पोटाखाली मात्र काळी बुरशी धरली होती, फोम भिजून चिंब झाला होता आणि वास असा, की ओलं धोतर महिनाभर पेटीत बंद राहिलं असावं. खोक्यावर छापलं होतं ते खरंच होतं. फळी वॉटरप्रूफ होती, पण जमीन नव्हती. चूक पूर्णपणे माझी होती. पंचवीस वर्षं फरश्या बसवल्या, पण त्यातली बहुतेक नाशिक, सिन्नर, येवल्याकडे. तिकडे मे महिन्यात कोबा कोरडा दिसला म्हणजे तो कोरडाच असतो. तीच समजूत मी समुद्रकाठी नेली.

त्या दिवसापासून हे काम सांगायला कोणीही आलं, की मी आधी जमिनीबद्दल विचारतो. फळीची निवड नंतर.

कोकणातल्या जुन्या घराचं जोतं जांभ्याच्या चिऱ्याचं असतं. जांभा सच्छिद्र दगड आहे. त्यावर आतला भराव मातीचा, आणि ओल अडवणारा डीपीसीचा थर बहुतेक जुन्या घरांत नसतोच. पावसाळ्यात भूजल वर येतं, भराव भिजतो आणि दिव्याची वात तेल वर ओढते तशी माती पाणी वर ओढत राहते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. शेणानं सारवलेली जमीन असो, चुन्याचा कोबा असो की शहाबादी, वर आलेली ओल त्यातून रोज थोडी थोडी हवेत उडून जायची. जमीन ओलसर लागायची, पण कुजायची नाही. 1922 साली सिधवा कुटुंबानं सुरू केलेल्या भारत टाइल्सच्या नक्षीदार सिमेंट फरश्या मुंबईतल्या जुन्या घरांत आजही शाबूत दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे, की सिमेंटची फरशी ओल कोंडून ठेवत नाही.

व्हिनाइल या सगळ्यावर झाकण घालतं. खालची वाफ वर जाऊ शकत नाही म्हणून ती कडेला सरकते आणि भिंतीत शिरते. वर्षाभरात स्कर्टिंगच्या वरचा गिलावा फुगतो, त्यावर लोणा फुटतो आणि घरमालक रंगाऱ्याला दोष देत बसतो.

मग हे व्हिनाइल घ्यायचंच कशाला, असं कोणी विचारेल. त्याचे फायदे खरे आहेत. पाऊस सुरू होताना किनाऱ्यावर हवा 28 अंशांवर आणि आर्द्रता 90 टक्क्यांवर असते, तेव्हा 26 अंशांच्या खाली गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलला घाम सुटतो तो असा, आणि त्यावर घसरून म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडतात. फोम लावलेली व्हिनाइलची फळी तेवढी गार पडत नाही, पायाला मऊ लागते, गुडघ्यांना सोसते. जुनी फरशी न फोडता तिच्यावरच बसते. लाकडी लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो, तो दमट हवेत फुगतो. व्हिनाइलला ती भीती नाही.

हा माल नवाही नाही. साध्या पीव्हीसीला लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना 1926 साली सापडली आणि व्हिनाइलची फरशी 1933 च्या शिकागो प्रदर्शनात लोकांनी पाहिली. त्याआधी हीच गरज लिनोलियम भागवत होतं. ते तर आपल्या जवसाच्या तेलापासून बनतं.

आता जमिनीतली ओल तपासण्याच्या परीक्षेकडे. ती फुकट आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा साधारण 45 सेंटिमीटरचा चौकोन घ्या, जमिनीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा. किमान 16 तास, म्हणजे एक अख्खी रात्र आणि थोडं वर, तसाच राहू द्या. मग उचला. प्लास्टिकच्या आतून थेंब धरले असतील किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल, तर जमीन ओल फेकते आहे. खोलीच्या मधोमध एक, बाहेरच्या भिंतीलगत एक आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत एक, असे तीन चौकोन लावा. आणि ही परीक्षा मे महिन्यात करू नका. मे महिन्यात कोणतीही जमीन पास होते. गुहागरला मी केलीच नव्हती, आणि केली असती तरी तिनं मला फसवलं असतं.

नव्या बांधकामातही घाई नको. काँक्रीटच्या दर इंचाला वाळायला साधारण एक महिना, असा धंद्यातला ठोकताळा आहे. चार इंचांचा थर म्हणजे चार महिने, तेही कोरड्या हवेत. कोकणातल्या पावसाळ्याचे महिने त्यात धरायचेच नाहीत. आमच्या नाशिक जिल्ह्यातही हाच हिशेब आहे. येवल्यात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीला 3,000 च्या आसपास. इगतपुरी-त्र्यंबककडच्या बंगल्यांचं काम मी आता कोकणातलं समजूनच घेतो.

जमीन पास झाली, की फळी. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. दोन-तीन मिलिमीटरची पातळ फळी गोंदानं चिकटवतात. तळमजल्यावर ओल वर आली, की सिमेंटमधला क्षार गोंद खातो आणि कोपरे उचलतात. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळ, पायाला मऊ, पण जड कपाटाखाली दबतो. एसपीसीच्या गाभ्यात निम्म्याहून जास्त चुनखडीची पूड असते, म्हणून तो घट्ट राहतो. किनाऱ्यावरच्या घराला मी एसपीसीच सांगतो, तीही क्लिक-लॉकची, म्हणजे गोंदाशिवाय एकमेकींत अडकणारी. दुकानदार एकूण जाडी सांगतो. तुम्ही वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारा. झोपायच्या खोलीला 0.3 मिलिमीटर पुरतो, ओटी आणि दिवाणखान्याला 0.5 घ्या. समुद्राची वाळू चपलेतून घरात येते आणि तिच्यातला गारेचा कण काचेवरही चरा काढतो. दारात खरखरीत पायपुसणं हवंच. मात्र घरात रबराच्या तळाचं पायपुसणं नको, रबराचा पिवळा डाग व्हिनाइलवरून निघत नाही.

बसवताना सगळ्यात जास्त भांडण होतं ते कडेच्या फटीवरून. भिंतीपासून आठ-दहा मिलिमीटर जागा सोडावी लागते, कारण ही फळी पाण्यानं फुगत नसली तरी उन्हानं पसरते. घरमालकाला ती फट कामचुकारपणा वाटते, मिस्त्री ती सिमेंटनं भरून टाकतो आणि पुढच्या उन्हाळ्यात खोलीच्या मधोमध उंटाची पाठ उभी राहते. पश्चिमेला समुद्राकडे मोठी काच असेल तर गडद रंग टाळा आणि पडदा लावा. किचनचे ओटे, भिंतीतली कपाटं आधी बसवा, फळी नंतर. जमीन सपाट हवी: दोन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर आधी लेव्हलिंग. खाली जादा फोम घालून खड्डे भरणं म्हणजे लॉक तोडण्याची व्यवस्था.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. आपण जमीन पुसतो तशी धुतोही. बादली ओतायची, खराट्यानं लोटायची, ढाळानं पाणी मोरीत जाऊ द्यायचं. व्हिनाइलला ढाळ नसतो. ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून खाली जातं आणि तिथंच मुक्काम करतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. अशा पुरात फळी टिकेल, पण खालचा गाळ काढायला ती सगळी उचलावीच लागणार. म्हणून न्हाणीघर, मोरी आणि मागच्या पडवीत व्हिनाइल नकोच; तिथं कोटा किंवा खरखरीत टाइल. घरात लहान मूल असेल तर फ्थॅलेटमुक्त मालाचा चाचणी अहवाल मागा. दुकानदार तो दाखवत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

काकूंच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. सगळ्या फळ्या उचलल्या, माजघर दिवाळीपर्यंत उघडं ठेवलं आणि तिथं माझ्या खर्चानं कोटा बसवला. त्याच फळ्या धुऊन, उन्हापासून दूर वाळवून वरच्या मजल्यावर, स्लॅबवर घातल्या. आज त्या तिथं आहेत. एकही हललेली नाही. माल तोच, मिस्त्री तोच, फक्त खालची जमीन बदलली.

तेव्हा कोकणातलं घर पाच-सहा दशकांपूर्वीचं असेल, खाली डीपीसी नसेल आणि परीक्षेत थेंब धरत असतील, तर तळमजल्यावर व्हिनाइल घालू नका. मी सांगितलं तरी घालू नका. दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच सरलेला असेल. वरून जमीन कोरडी दिसेल, खाली भरावात चार महिन्यांचं पाणी मुरलेलं असेल. सुट्टीत गावी जाणारच असाल, तर फराळाच्या डब्यांबरोबर प्लास्टिकचे तीन तुकडे आणि चिकटपट्टीचं एक रीळ न्या. रात्री लावा, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर उचला, आणि मग दुकानात जा. आणि ज्यांच्या घरी व्हिनाइल आधीच आहे त्यांनी पणती ताटलीत ठेवावी. भाजल्याचा डाग कशानंही निघत नाही.