परसांतली भाजी

बाजारांतून आणलेली भाजी आणि आपल्या परसांतून खुडून आणलेली भाजी यांच्या चवींत फरक असतो, असें पुष्कळजण सांगतात. आणि तें खोटें नाहीं. पाला खुडल्यापासून त्यांतील 'क' जीवनसत्त्व कमी होऊं लागतें, हें शास्त्रहि सांगतें. परंतु माझ्या अनुभवानें खरा फरक स्वयंपाकघराच्या रीतींत पडतो. बाजारची पिशवी आपल्या इच्छेप्रमाणें भरते. बाग मात्र तिच्या इच्छेनें देते, आणि आपल्याला तिच्या कलानें रांधावें लागतें.

गेल्या वर्षीं आम्ही साताऱ्यास नव्या घरीं राहावयास आलों. मागच्या दारीं बारा फूट लांब व आठ फूट रुंद असा मुरमाड तुकडा मोकळा पडला होता. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. पण आजेसासूबाई सोडल्यास कोणींहि पूर्वीं मातींत हात घातलेला नव्हता. ज्येष्ठांत गाळाची माती व शेणखत घालून आम्हीं वाफे केले. जाऊबाईंनीं लाल माठ आणि अंबाडी पेरली, मीं भेंडी लावली, आणि मुलांनीं बांबूंचा मांडव उभारून त्यावर दुधी व दोडका चढविला.

महिन्याभरांत माठ हाताशीं आला. कोवळा पाला परतावयाचा आणि जाड देठ सोलून आमटींत सोडावयाचे, असे एका जुडीचे दोन पदार्थ झाले. पुढें भेंडी लागली. ती एक दिवसाआड खुडावीच लागते. नाहींतर जून होऊन चिवट होते. पण एका वेळीं निघावयाच्या सातआठ! तेवढ्यांत अकरा माणसांची भाजी कशी व्हावी? जाऊबाईंनीं त्यांचे तुकडे ताकाच्या कढींत सोडले, आणि प्रत्येकाच्या वाटींत घरची भेंडी आली. थोडें असलें तरी सर्वांना पुरविण्याची कला आमच्या वाडवडिलांच्या घरांत होती. ती आम्हांला या सात भेंड्यांनीं शिकविली.

मामंजींनीं जन्मभर हिशेब तपासण्याचें काम केलेलें. त्यांनीं बागेची एक वही घातली. एका बाजूस बीं, खत व बांबू यांचा खर्च, दुसऱ्या बाजूस निघालेल्या भाजीची बाजारभावानें किंमत. श्रावणाच्या आरंभीं त्यांनीं जेवतांना सर्वांस आंकडा वाचून दाखविला. तो अर्थातच तोट्याचा होता. त्यांचें म्हणणें खरें होतें. काटकसरीसाठीं म्हणून कोणी एवढीशी बाग करूं नये.

मग हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर मला आजेसासूबाईंकडे पाहून मिळालें. त्यांचें वय ब्याण्णव. दोन वर्षांपासून त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. डॉक्टरांना रोग कांहीं सांपडला नाहीं, पण वजन मात्र उतरत चाललें होतें. "आज काय करूं?" असें विचारलें, कीं "कर कांहींहि," एवढेंच उत्तर यावयाचें. ज्या हातांनीं पन्नास वर्षें घर जेवूं घातलें, त्या हातांना आतां घरांत कोणी कांहीं विचारीत नव्हतें. ही गोष्ट आम्हां सर्वांना कळत होती. उपाय मात्र सुचत नव्हता.

दुधीला फुलें येत व गळून जात. एके सायंकाळीं आजेसासूबाईंना हात धरून मांडवाखालीं आणलें. त्यांनीं एक एक फूल न्याहाळलें आणि म्हणाल्या, "अग, हीं सारीं नर आहेत. जिच्या देठाशीं इवलासा दुधी असतो, ती मादी. हें फूल तिन्हीसांजेला उमलतें. त्या वेळीं मधमाशा कुठल्या? नर तोडून तिला लाव." तसें केलें, आणि आठवड्याभरांत एक दुधी धरला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची मागच्या दारीं लागली.

न्हाणीचें सांडपाणी वळवून त्यांनीं तेथें आम्हांकडून अळूचे कंद पुरून घेतले. त्यांचें बालपण रत्नागिरीकडचें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि सरकारनें 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. त्या दिवसांत न्हाणीमागच्या अळवानें आपल्या घराला कसा आधार दिला, हें त्यांनीं मुलांना सांगितलें. आम्हीं हौसेनें केलें, तें त्यांनीं गरजेनें केलें होतें.

भाद्रपदांत ऋषिपंचमी आली. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं, अशी रीत. म्हणून परसांतलीच भाजी हवी. आजेसासूबाईंनीं स्वतः हुकूम सोडले: अळूचीं पानें किती, माठाचे देठ किती, दोडका, दुधी, भेंडी केव्हां घालावयाची. अळवांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानें घसा खवखवतो. म्हणून अळूं चांगलें शिजूं द्यावयाचें आणि आंबटपणाला अंबाडी घालावयाची. मसाला नाहीं, फोडणी नाहीं. हिरवी मिरची, मीठ आणि ओलें खोबरें. वरीच्या तांदळाबरोबर ती भाजी वाढली. आजेसासूबाईंनीं एक घास घेतला, "मीठ बेताचें आहे," म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढावयास सांगितलें. दोन वर्षांत असें घडलें नव्हतें.

त्यांचें वजन त्यानंतर फार वाढलें असें नाहीं. परंतु आतां सकाळीं स्वयंपाकाला लागण्यापूर्वीं आम्ही दोघी जावा मागच्या दारीं जातों, आणि आज काय निघेल तें त्यांना विचारतों. त्याहि "कर कांहींहि" असें म्हणत नाहींत.

ज्या भगिनींच्या घरीं परस नसेल, त्यांनीं गच्चीवर दोन मोठ्या कुंड्या ठेवाव्या. एकींत अळूं लावावें, एकींत माठ. मात्र लावण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसाला विचारावें. बीं कोठेंहि विकत मिळतें. हा सल्ला मात्र फार दिवस मिळत राहील असें नाहीं.