वाऱ्याची चाकरी

पंख्याला मराठीत विंझणा असा एक जुना, आता मागे पडलेला शब्द आहे. संस्कृत ‘व्यजन’ हे त्याचे मूळ. अक्षय्यतृतीयेला उदककुंभाबरोबर पंखा दान देण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरांतून होती, आणि काही ठिकाणी अद्यापही आहे. पाण्याने भरलेला मातीचा घडा आणि वाळ्याचा किंवा ताडपत्राचा पंखा: वैशाखात तापलेल्या जिवाला पाणी आणि वारा या दोहोंपलीकडे फारसे काही लागत नाही, हे जाणूनच ही जोडी ठरली असावी. मोटारीच्या इंजिनाची गरजही नेमकी हीच आहे. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी चाकांपर्यंत पोहोचतो तो लहानसा भाग. साधारण तिसरा हिस्सा इंजिनाच्या धातूत मुरतो, आणि तो वेळेवर काढून घेतला नाही तर तेच धातू वाकतात, गॅस्केट जळते, दट्टे अडकतात. पाणी ही उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून आणते. तेथून ती वाऱ्याच्या स्वाधीन करावी लागते. हा वारा कोणी घालायचा, कोणाच्या हुकमाने आणि किती, हा प्रश्न वरवर यांत्रिक आहे. परंतु जरा खोल पाहिले तर तो चाकरीच्या स्वरूपाचा प्रश्न आहे.

कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून 2014 पर्यंत निघत राहिलेली अॅम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीची भारतीय आवृत्ती. दीर्घकाळ तिच्यात असलेल्या 1489 घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची रचना सरळ होती. इंजिनाच्या तोंडाशी वॉटर पंप, त्याच्या पुलीवरच बसवलेला पात्यांचा पंखा, आणि मुख्य दांड्यापासून पंप व डायनामो या दोहोंना फिरवणारा एकच फॅनबेल्ट. इंजिन फिरले की पंखा फिरे, ते थांबले की तो थांबे. पहाटेच्या थंडीत, इंजिन अजून नीट ऊबही धरलेले नसताना तो वारा घाली. भर दुपारीही घाली. त्याला थंडी कळत नसे, ऊन कळत नसे. त्याला फक्त धन्याचा वेग कळे.

या एकनिष्ठेत एक मोठी विसंगती होती. मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी 70-80 किलोमीटरने धावू लागली की समोरून येणारा वारा रेडिएटरला बहुधा पुरेसा होतो. तेथे पंख्याची गरज जवळजवळ उरत नाही. पण इंजिनाचे फेरे वाढलेले असल्याने पंखा नेमका तेव्हाच अत्यंत वेगाने गरगरतो. उलट घाटात मालमोटारींच्या मागे रांगत चढताना किंवा चौकात अर्धा तास खोळंबून राहिल्यावर समोरचा वारा नाहीसा होतो. तेव्हा पंख्याची खरी गरज असते, आणि नेमके तेव्हाच इंजिनाचे फेरे मंदावल्याने पंखाही मंदावतो. शिवाय पंख्याचे गणित उधळ्या माणसाच्या खर्चासारखे असते. त्याचा वेग दुप्पट झाला तर वारा दुप्पट मिळतो, परंतु तो फिरवण्यास लागणारी शक्ती आठपट होते. अनावश्यक वेळी अमाप आणि आवश्यक वेळी अपुरे, असे या सेवेचे स्वरूप होते. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, बंपरला लटकावलेली कॅनव्हासची छागल, जाड फडके हातावर गुंडाळून रेडिएटरचे झाकण भीतभीत सैल करणारा चालक, हे दृश्य एका पिढीच्या प्रवासस्मृतीचा भाग झाले ते यामुळेच.

या पंख्याचा एक मानवी पूर्वज होता. इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, न्यायालये आणि साहेबांचे बंगले यांच्या छतांना कापडी झालरीचे लांबरुंद पंखे टांगलेले असत. त्यांची दोरी भिंतीतील भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई, आणि तेथे बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढत राही. आत उकाडा किती, हे त्याला दिसत नसे. आत कोणी आहे की नाही, हेही पुष्कळदा त्याला ठाऊक नसे. डुलकी लागली आणि दोरी थांबली, म्हणजे तेवढ्यापुरते त्याचे अस्तित्व धन्याच्या ध्यानात येई. 1899 मध्ये कलकत्त्यात विजेचा सार्वजनिक पुरवठा सुरू झाला. पुढे विजेचे पंखे आले, आणि दोरीचा हा संबंध हळूहळू तुटला. पंख्याला कळ मिळाली. हवा तेव्हा लावावा, नको तेव्हा बंद करावा, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तीमागे एका माणसाची सुटका आणि त्याच माणसाची बेकारी अशा दोन्ही गोष्टी होत्या, याचे विस्मरण सहज घडते.

मोटारीच्या बॉनेटखाली मात्र दोरी टिकून राहिली. तिचे रूप तेवढे रबरी पट्ट्याचे होते. 1959 मध्ये इंग्लंडात आलेल्या मिनी या गाडीत इंजिन आडवे बसवले गेले, तरी तिच्या रचनाकारांनी रेडिएटर इंजिनाच्या बाजूस नेऊन पट्ट्याचा पंखा कायम ठेवला. पुढे आडव्या इंजिनाच्या गाड्यांत रेडिएटर पुन्हा समोर आला. तेथे इंजिनाचे टोक आणि रेडिएटर समोरासमोर येत नसल्याने पट्ट्याचा पंखा गैरसोयीचा ठरला, आणि तापमान ओळखणाऱ्या स्विचवर चालणारा विजेचा पंखा रूढ झाला. भारतातील मध्यमवर्गाला त्याची ओळख करून दिली ती डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 ने. उभ्या गाडीतून अकस्मात घरघर ऐकू यावी आणि थोड्या वेळाने ती आपोआप थांबावी, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटे. काहींना तो बिघाडही वाटे.

नव्या गाडीत नवा पंखा असणे ही एक गोष्ट, आणि जुन्या गाडीतील जुना पंखा काढून तेथे नवा बसवणे ही अगदी वेगळी. इंदूरच्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांपुढे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो केवळ पंख्याचा नव्हता. अनेक वर्षे नंबर लावून मिळालेली त्यांची अॅम्बॅसडर शहरातल्या वाढत्या रहदारीत दर उन्हाळ्यात तापू लागली होती. मुलांचे म्हणणे, ती विकून टाकावी. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे म्हणणे, ती आहे तशीच, मूळ सुट्या भागांसह जपावी. वर्षातून दोनदा बाहेर काढावी आणि पुसून ठेवावी. प्राध्यापकांना दोन्ही मते सारखीच परकी वाटली. एका मतात गाडीचा मृत्यू होता, दुसऱ्यात तिचे स्मारक. त्यांना तिच्यातून पत्नीसह नाशिकला, तिच्या माहेरी जायचे होते.

त्यांचा मिस्त्री वयाने त्यांच्याच बरोबरीचा. त्याने पहिल्यांदा साफ नकार दिला. ‘‘बाबूजी, ये पंखा कभी झूठ नहीं बोलता,’’ असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की पट्ट्याचा पंखा बिघडतो तो आधी सांगून बिघडतो. बेल्ट सैल झाला की किंचाळतो, बेअरिंग झिजले की गुरगुरते, पाते वाकले तर सारे इंजिन थरथरते. विजेचा पंखा मात्र एका फ्यूजच्या तारेवर, एका रिलेवर, एखाद्या गंजलेल्या जोडावर विसंबून असतो. तो मरतो तेव्हा कोणाला हाक मारत नाही. मिस्त्रीचे सारे आयुष्य कानाने रोगनिदान करण्यात गेले होते. जो पंखा निरोगीपणातही गप्प आणि मरणातही गप्प, त्याच्यावर भरवसा कसा ठेवावा, हा त्याचा प्रश्न भाबडा नव्हता.

अखेरीस तो तयार झाला, आणि एकदा तयार झाल्यावर त्याने काम मनापासून केले. या कामात एक बदल दुसऱ्या बदलाला कसा ओढून आणतो, हे पाहण्यासारखे असते. पंखा काढला तरी बेल्ट काढता येत नाही, कारण वॉटर पंप त्यावरच चालतो. पंखा आणि पुली एकाच बोल्टांनी आवळलेली असल्यामुळे, पाती निघाल्यावर तेच बोल्ट लांब ठरतात. आखूड बोल्ट शोधावे लागतात. अॅम्बॅसडरचा रेडिएटर रुंद; मारुतीचा एक पंखा त्याला पुरत नाही, म्हणून दोन शेजारीशेजारी बसवले. ते रेडिएटरच्या मागे, हवा ओढून घेतील असे लावले. पुढे लावले असते तर न फिरताना त्यांनी समोरचा वाराच अडवला असता. दोन पंखे मिळून पंधरा-वीस अँपिअर वीज खाणार, आणि जुना डायनामो पूर्ण वेगातही बावीसच्या आसपास देणार. मंद फेऱ्यांवर तर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ज्या खोळंब्यासाठी हा खटाटोप, त्या खोळंब्यातच बॅटरी बसणार. म्हणून डायनामो गेला, अल्टरनेटर आला. त्याच्यासाठी जाड तारा आल्या, प्रत्येक पंख्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले आला. पंखे सुरू करणारा स्विच थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा बराच वरच्या अंशावर चालणारा हवा, नाहीतर पंखे थांबणारच नाहीत आणि जुन्याच चाकरीची पुनरावृत्ती होईल, हे मिस्त्रीनेच ध्यानात आणून दिले. शेवटी डॅशबोर्डखाली त्याने स्वतःच्या समाधानासाठी एक लहानसा तांबडा दिवा बसवला. पंख्यांपर्यंत वीज पोहोचली की तो लागे. कानाने जे कळणार नव्हते, ते डोळ्याला कळावे, ही त्याची त्यामागची योजना होती.

या बदलाने शक्ती फुकट मिळत नाही, हेही स्पष्ट असावे. विजेच्या पंख्यांना लागणारी वीज अखेर इंजिनच निर्माण करते, आणि पट्ट्याच्या सरळ मार्गापेक्षा या आडवळणाच्या मार्गात गळती अधिक होते. लाभ आहे तो वेळेचा. मोकळ्या रस्त्यावर पंखे बहुतांश काळ स्तब्ध असतात. जे काम करायचे नाही, त्याचा खर्च वाचतो. जेथे उष्णता फार मोठी आणि भार सततचा असतो, अशा मालमोटारींच्या इंजिनांवर आजही बहुधा यांत्रिक पंखेच दिसतात. त्यांत गरजेनुसार पकड घट्ट वा सैल करणारा क्लच घालून मधला मार्ग काढलेला असतो. तेव्हा प्रश्न जुने वाईट आणि नवे चांगले असा नाही. प्रश्न मात्रेचा आहे. आयुर्वेद औषधाइतकेच महत्त्व मात्रेला आणि काळाला देतो. जुना पंखा सद्भावनेचा पुतळा होता, पण त्याला मात्रा ठाऊक नव्हती. नव्याला मात्रा कळते. त्याच्या निष्ठेची मात्र खात्री करून घेत राहावी लागते.

मिस्त्रीच्या आक्षेपातील खरे मर्म येथे आहे. सतत चालणाऱ्या सेवेला आवाज असतो, आणि तो आवाज हीच तिची हमी असते. गरजेपुरत्या सेवेला मौन असते, आणि मौनाचा अर्थ लावावा लागतो. पंखा फिरत नाही, याचा अर्थ सारे शीतल आहे असा असेल, किंवा सारे संपत आले आहे असाही असेल. पहिल्या व्यवस्थेत सेवकाने झिजायचे आणि धन्याने निश्चिंत राहायचे. दुसऱ्या व्यवस्थेत सेवकाला विश्रांती मिळते, पण धन्याला जागे राहावे लागते. तापमानाच्या काट्याकडे अधूनमधून पाहणे हे त्याचे कर्तव्य होते. माणसांच्या घरांतही काही वेगळे घडत नाही. जी माणसे अखंड राबतात, त्यांच्याकडे पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. ती थांबायला शिकली, म्हणजे इतरांना पाहायला शिकावे लागते.

मे महिन्यात ती गाडी नाशिकला गेली आणि परत आली. जाताना सपाटीवर प्राध्यापकांच्या पत्नीने दोनतीनदा विचारले, ‘‘पंखा फिरतोय ना हो?’’ इतकी वर्षे कानात असलेला आवाज नाहीसा झाल्याने त्या अस्वस्थ होत्या. ‘‘आत्ता लागत नाही, म्हणून थांबलाय,’’ असे उत्तर मिळाले. पण उत्तर देणाऱ्याची नजरही काट्यावरच होती. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. शिरपूर सोडल्यावर सातपुड्याचा बिजासन घाट चढताना पुढे मालमोटारींची रांग लागली. वारा पडलेला, रस्ता तापलेला. काटा हळूहळू वर सरकला, तांबडा दिवा लागला, आणि बॉनेटखालून तो नवा, काहीसा उसना वाटणारा आवाज सुरू झाला. काटा एका जागी थबकला, थोडा मागे आला. दिवा मालवला. पुढे पुन्हा लागला. घाटभर ही प्रश्नोत्तरे चालली. माथ्यावर सावली पाहून गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले, तरी पंखे फिरतच राहिले. इंजिन थांबल्यावर त्याच्या अंगात कोंडलेली ऊब काही काळ उलट वाढते. जुना पंखा त्या क्षणी धन्याबरोबरच निजत असे. हे दोघे मिनिटभर जागे राहिले आणि मग आपणहून थांबले. प्राध्यापकांच्या पत्नीने त्यानंतर काही विचारले नाही. थर्मासमधला चहा काढला.

त्या गाडीच्या डिकीत आजही जुना पंखा आहे. मिस्त्रीने तो रॉकेलने धुऊन, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून दिला. सोबत एका डबीत ते मूळचे लांब बोल्ट आणि एक पाना. विजेचे पंखे वाटेत दगा देतील तर अर्ध्या तासात जुना चढवता येईल, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू. अद्याप तसा प्रसंग आलेला नाही. दर दसऱ्याला गाडीची पूजा होते, तेव्हा गोणपाट सोडून त्या पात्यांनाही हळदकुंकू वाहिले जाते, आणि मग तो पंखा पुन्हा गुंडाळून डिकीत ठेवला जातो.